नळाला करंट आणि आरसीसीबी गप्प: नेरूळच्या एका सोसायटीतलं प्रकरण

डिसेंबर महिना, सकाळचे पावणेसात. आई बाथरूममधून ओरडली, "अरे, नळाला हात लावला की मुंग्या येतायत!" मी अर्ध्या झोपेत होतो, म्हणलं थंडीने हात बधिर झाला असेल, आणि परत पांघरूण ओढलं. दहा वाजता ऑफिसला निघायच्या आधी मी स्वतः नळ धरून बघितला तर काहीच नाही, संध्याकाळी बघितला तरी काही नाही, म्हणून आईला बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या आणून दिल्या. या गोष्टीची मला अजून लाज वाटते. तिसऱ्या दिवशी तिने मला बरोबर पावणेसातला उठवून बाथरूममध्ये उभं केलं, चप्पल काढायला लावली, "आता लाव हात". ओल्या हाताने नळ धरला आणि कोपरापर्यंत सणक गेली.

आमची बिल्डिंग नेरूळला, सिडकोच्या जुन्या बांधकामातली, तळमजला धरून चार मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. तळमजल्याचे नंबर १०१ पासून, म्हणजे आमचा २०२ हा पहिल्या मजल्यावर, आणि १०२, २०२, ३०२, ४०२ हे चार एकाखाली एक. गच्चीवरच्या टाकीतून बाथरूमच्या लाईनला पाणी आणणारा जीआयचा (लोखंडी) पाईपही या चौघांचा एकच. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढे सगळं प्रकरण या पाईपवरून फिरतं.

माझ्या घरी वायरिंग ठीक आहे असा माझा ठाम समज होता. सहा वर्षांपूर्वी सगळं नवीन केलं होतं, लाईटला दीड स्क्वेअर एमएम, सोळा ॲम्पच्या पॉईंटला अडीच, गीझर आणि एसीला चार, वायर आयएसआय मार्कची, डीबीत (घरातल्या मेन स्विचच्या डब्यात) प्रत्येक सर्किटला वेगळा एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच) आणि वर ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाईन तोडणारा स्विच), ज्याला अजून बरेच लोक ईएलसीबीच म्हणतात. त्या दिवशी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं तर टक् करून पडला, म्हणजे चालू आहे. मग नळाला करंट असताना तो पडत का नाही? हा प्रश्न मी त्या आठवड्यात निदान चार जणांना विचारला आणि चौघांनी चार उत्तरं दिली, त्यातलं एक "चायना माल असेल" असं होतं.

पहिला इलेक्ट्रिशियन आला तो दुपारी. टेस्टर नळाला लावला, दिवा लागला नाही. मग मल्टीमीटरची एक पिन नळाला आणि दुसरी पिन गीझरच्या सॉकेटच्या अर्थला लावली, शून्य. "काही नाही साहेब, वहम आहे", दोनशे रुपये घेऊन गेला. दुसरा आला त्याला मुद्दाम सकाळी बोलावला. त्याचा टेस्टर नळाला लागला, पण नळ ते अर्थपिन परत शून्य. तो म्हणाला टेस्टर काय, कशालाही लागतो, इंडक्शन असतं, मीटर शून्य दाखवतंय ना मग विषय संपला. अर्धं बरोबर होतं त्याचं. निऑन टेस्टर इतक्या कमी करंटवर लागतो की शेजारून जाणाऱ्या वायरमुळेही लागू शकतो, त्यामुळे नुसत्या टेस्टरवर विश्वास ठेवू नये हे खरंच. पण माझ्या हाताला बसलेली सणक काय इंडक्शनची नव्हती.

मग सोसायटीचे जुने वायरमन काका आठवले. आता रिटायर झालेत, सीवूड्सला राहतात, वायरमनचं परमिट असलेला माणूस, सगळं आयुष्य मीटर रूममध्येच गेलेलं. त्यांना फोनवर सगळं सांगितलं तर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. एक, कधी येतो? सकाळी साडेसहा ते सव्वासात. दोन, आणखी कोणाकडे येतो? हे मी विचारलंच नव्हतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर दहा मिनिटांत सगळे बोलायला लागले. १०२ च्या काकू म्हणाल्या आमच्याकडे पण येतं, पण आम्हाला वाटलं आमचाच गीझर जुना आहे म्हणून बोललो नाही. ४०२ वाल्यांकडे काही नाही. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे १०४, ज्यांची पाण्याची लाईनच वेगळी, त्यांच्या फ्रीजच्या हँडलला सकाळी झिणझिण यायची. ३०२ मधून काका म्हणाले आमच्याकडे नळ वगैरे व्यवस्थित आहे, फक्त महावितरणने व्होल्टेज कमी सोडायला सुरुवात केली आहे, सकाळी पंखा गळपटतो आणि गीझरला पाणी तापायला दुप्पट वेळ लागतो, प्लंबरला बोलावून हीटिंग एलिमेंट पण बदललं, फरक नाही. ग्रुपवर यावर महावितरणला शिव्या घालणारे सात मेसेज आले आणि मूळ विषय राहिला बाजूला. वायरमन काकांना मी हे सगळे मेसेज वाचून दाखवले तेव्हा ३०२ च्या मेसेजला ते थांबले. "परत वाच." मी परत वाचला. "उद्या साडेसहाला येतो."

दुसऱ्या दिवशी अंधारातच आले, हातात जुनी रेक्झिनची पिशवी, त्यात मीटर, क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजणारा), आणि दोन फूट लांब सळई. मला वाटलं सळई कशाला. ती त्यांनी बिल्डिंगच्या मागे जास्वंदीच्या वाफ्यात ठोकली, वाफ्यात बादलीभर पाणी ओतलं, सळईला वायर बांधली आणि ती वायर खिडकीतून वर माझ्या बाथरूममध्ये घेतली. म्हणाले, तुमच्या दोन्ही पोरांनी नळ मोजला अर्थपिनशी, पण अर्थपिन तरी खरी कशावरून? मोजायचं तर जमिनीशी मोजा.

नळ ते सळई: ६४ व्होल्ट.

नळ ते माझी अर्थपिन: अजूनही शून्य. म्हणजे अर्थपिन ते सळई सुद्धा ६४. माझ्या फ्रीजची बॉडी ६४, वॉशिंग मशीन ६४. ज्या अर्थिंगच्या जिवावर मी सहा वर्षं निवांत झोपत होतो ते अर्थिंग जमिनीला लागलेलंच नव्हतं. गीझरची बॉडी अर्थच्या वायरला जोडलेली, तीच बॉडी पाण्याच्या पाईपलाही जोडलेली, त्यामुळे पाईप जितका वर चढला तितकीच अर्थपिन वर चढली, आणि दोघांच्या मध्ये मीटर लावला की शून्य. एकाच लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या दोघांनी एकमेकांची उंची मोजून "आपण तळमजल्यालाच आहोत" म्हणावं तसं.

६४ हा आकडा खोटा तर नाही ना हेही काकांनी बघून घेतलं. डिजिटल मीटरला नुसत्या लोंबकळत्या वायरवर पण भुताचे व्होल्टेज दिसतात, म्हणून त्यांनी नळ आणि सळईच्या मध्ये होल्डरमधला जुना पिवळा बल्ब धरला. फिलामेंट मंद लाल झाला. भुताने बल्ब लागत नाही.

मग माझा मेन बंद. ६४ तसाच. म्हणजे करंट माझ्या घरचा नाहीच. आणि इथेच आरसीसीबीचं कोडं सुटलं. आरसीसीबी काय करतो तर फेजने आत गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांची सतत तुलना करतो, फरक ३० मिलीॲम्पच्या आसपास गेला की तोडतो. पण हा करंट माझ्या फेजमधून आलाच नव्हता, तो पाईपमधून आला, आईच्या हातातून ओल्या लादीत गेला, माझ्या डीबीला त्याचा पत्ताच नाही. घराचा वॉचमन घराच्या दारावर लक्ष ठेवतो, चोर शेजारच्या गॅलरीतून आला तर तो काय करणार. आरसीसीबी हवाच, त्याबद्दल वाद नाही, पण "माझ्याकडे आहे म्हणजे मला काही होणार नाही" हा माझा जो माज होता तो त्या दिवशी उतरला.

आता मीटर रूम. मी वर बाथरूममध्ये मीटर धरून उभा, सेक्रेटरी जिन्यात, काका खाली. एकेका फ्लॅटचा मीटरनंतरचा मेन पाच सेकंद बंद करायचा, सेक्रेटरी ओरडणार, मी वरून आकडा सांगणार. १०१, चौसष्ट. १०२, चौसष्ट. २०१ च्या आजोबांनी आंघोळ अर्धवट असताना लाईट घालवली म्हणून दार उघडून सगळ्यांचा उद्धार केला. ३०१, चौसष्ट. ३०२... मीटरवर एकदम ०.४.

"परत चालू करा." ६४. "बंद." ०.४. तीनदा केलं.

खाली गेलो तर काका ३०२ च्या मीटरकडे बोट दाखवत होते. मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो, फेजचा आणि न्यूट्रलचा करंट जुळत नसला की लागतो, काही मीटरवर त्याच्याखाली अर्थ असं इंग्रजीत छापलेलं असतं. तो लागलेला होता. किती दिवस लागलेला होता देव जाणे, सोसायटीतला प्रत्येक जण मीटर रूममधून ये-जा करतो, कोणालाच त्याचा अर्थ माहीत नव्हता, दोन्ही अर्थांनी.

क्लॅम्प मीटर ३०२ च्या फेजच्या वायरभोवती: ६.३ ॲम्प. न्यूट्रलभोवती: २.१. दोन्ही वायर एकत्र पकडल्या: ४.२. जितका गेला तितकाच परत यायला पाहिजे, इथे दोन तृतीयांश करंट वायरीने परत येतच नव्हता, तो आमच्या नळांच्या पाईपमधून परतीची वाट काढत होता.

न्यूट्रल कुठे अडला होता ते शोधायला फार वेळ लागला नाही. मीटरच्या पुढे, म्हणजे कंपनीच्या सीलच्या बाहेर, सोसायटीच्या बोर्डवर एक जुनी ॲल्युमिनियमची वायर आणि ३०२ ला जाणारी नवी तांब्याची वायर एकमेकींना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेली. काकांनी मेन बंद करून, परत टेस्ट करून, मग टेप सोडली. टेप सुटली नाही, तुकडे पडले. आत ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, तांबं हिरवं-काळं, आणि पीव्हीसी तीन बोटं लांबीपर्यंत करपून बिस्किटासारखं कडक झालेलं. वास अजून नाकात आहे. हिशोब केला तर ६४ व्होल्ट गुणिले २.१ ॲम्प म्हणजे साधारण १३४ वॅट उष्णता त्या एका गाठीत, रोज सकाळी पाऊण तास. मोबाईल रिपेअरवाल्याचं सोल्डरिंग आयर्न याच्या निम्म्याचंही नसतं. आणि ही गाठ लाकडी बोर्डवर होती, खाली कोणीतरी जुन्या पेपरची रद्दी ठेवलेली.

ॲल्युमिनियम आणि तांबं थेट पिळून जोडू नये हे कुठल्याही वायरमनला माहीत असतं. दोन वेगळे धातू, मध्ये दमट हवा, की गंज सुरू, त्यात ॲल्युमिनियम गरम होऊन फुगतं, थंड होऊन आकसतं, दर वेळी गाठ थोडी सैल. आमच्याकडे पाम बीचच्या बाजूने खाडीची खारी हवा, त्यामुळे बाकी ठिकाणी बरीच वर्षं टिकणारी चूक इथे लवकर पिकते. बायमेटॅलिक लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) लावायचा असतो, एका बाजूने ॲल्युमिनियम, एका बाजूने तांबं, नीट क्रिम्प करून.

पण नुसता न्यूट्रल सैल झाला तर ३०२ ची लाईट फडफडली असती, गेली असती. पाईपला करंट यायचं काय कारण? ते कारण ३०२ च्या आत होतं.

तिथे जायला मला जरा संकोच वाटत होता, काका-काकू साधी माणसं, दोन वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नाच्या आधी मोठ्या हौसेने घर केलेलं, फॉल्स सीलिंग, प्रोफाईल लाईट, मॉड्युलर स्विच. काकूंनी आधी चहा टाकला. वायरमन काकांनी मेन बंद केला आणि गीझरचा सोळा ॲम्पचा सॉकेट खोलला. मागे तीन पिना, फेजला लाल वायर, न्यूट्रलला काळी, आणि अर्थच्या पिनेतून निघालेला जेमतेम दीड इंचाचा हिरवा तुकडा, वळून शेजारच्या न्यूट्रलच्या स्क्रूखाली गेलेला. बस, एवढंच. अर्थची वायर त्या खोलीपर्यंत आलेलीच नव्हती. जुन्या घरात फक्त दोन वायरी होत्या, इंटिरियरवाल्याच्या इलेक्ट्रिशियनने तिसरी ओढायचा कंटाळा केला आणि जंपर मारला.

३०२ चे काका म्हणाले, पण त्याने माझ्यासमोर टेस्ट करून दाखवलं होतं, फेज आणि अर्थला बल्ब लावला, झक्क पेटला! पेटणारच. अर्थच्या पिनेच्या मागे न्यूट्रलच असेल तर बल्बला काय कळणार. हीच टेस्ट आपल्याकडे घरोघरी चालते आणि जंपर मारणाऱ्याला हीच टेस्ट सगळ्यात सोयीची. त्यापेक्षा मीटर न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये लावायचा, त्याच लाईनवर गीझर किंवा इस्त्री चालू असताना. खऱ्या अर्थिंगवर तिथे थोडासा, एखाद-दोन व्होल्टचा फरक दिसतो, कारण न्यूट्रलमधून करंट वाहतोय आणि अर्थमधून नाही. लोड चालू असताना पण ठणठणीत ०.० दिसलं तर खूश व्हायचं नाही, सॉकेट खोलायचा. (मेन चालू असताना हे घरच्यांनी करायचं काम नाही, ज्याला येतं त्याच्याकडून करून घ्या.)

आता सगळी साखळी बघा. गीझरची बॉडी जंपरमुळे न्यूट्रलला. न्यूट्रल खाली मीटर रूममध्ये जळत चाललेला. गीझर लावला की करंटला परतीची वाट हवी, वायरीची वाट अडलेली, मग तो बॉडीवरून जीआय पाईपमध्ये, पाईपवरून १०२ आणि २०२ च्या नळात, माझ्या गीझरच्या बॉडीवरून माझ्या अर्थच्या वायरीत, तिथून मीटर रूमच्या अर्थ पट्टीत, आणि पट्टीवरून सगळ्या बिल्डिंगच्या अर्थपिनांत. म्हणून १०४ चा फ्रीज. ४०२ ने बाथरूमची लाईन सीपीव्हीसीची करून घेतली होती, मध्ये प्लास्टिक आलं, म्हणून ते वाचले. आणि ३०२ चा गीझर हळू तापायचं कारण महावितरण अजिबात नव्हतं, २३० मधले ६४ वाटेतच खर्च होत होते, गीझरला मिळत होते १६६, आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने पडते त्यामुळे दोन किलोवॅटचा गीझर जेमतेम एक किलोवॅटचं काम करत होता. दुप्पट वेळ हे ३०२ च्या काकांचं म्हणणं अगदी तंतोतंत होतं. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच, की ज्या घरात दोष होता त्यांनी लक्षण पहिल्या दिवसापासून बरोबर सांगितलं होतं आणि आम्ही सगळे महावितरणला शिव्या घालत बसलो.

आणि ३०२ ला स्वतःला शॉक का नाही बसला? त्यांच्या बाथरूमला अँटिस्किड म्हणून रबरी मॅट, आणि काका-काकू दोघं आत स्लीपर घालूनच जातात. एवढंच. यापेक्षा शास्त्रीय उत्तर माझ्याकडे नाही.

एक गोष्ट राहिली. त्यांच्या डीबीत आरसीसीबीची जागा होती, पण तिथे साधा आयसोलेटर, म्हणजे नुसता चालू-बंद करायचा स्विच बसवलेला. ३०२ चे काका म्हणाले सुरुवातीला आरसीसीबी होता, पण घर झाल्यावर सारखा पडायचा, दिवसातून चार वेळा, म्हणून त्याच इलेक्ट्रिशियनने "पीस खराब आहे" म्हणून काढला. पीस उत्तम होता. आरसीसीबीच्या पुढे कुठेही न्यूट्रल अर्थला चिकटला की थोडा करंट बॉडीवरून पाईपने निसटतो, तुलना जुळत नाही, तो पडतो. तो रोज चार वेळा ओरडून सांगत होता की इथे जंपर आहे, आणि ओरडतो म्हणून त्यालाच काढला. सेंट्रल इलेक्ट्रिसिटी ऑथॉरिटीच्या सेफ्टी रेग्युलेशनमध्ये दोन किलोवॅट किंवा वरच्या घरगुती कनेक्शनला ३० मिलीॲम्पपेक्षा जास्त नसलेलं लीकेज प्रोटेक्शन सांगितलेलं आहे, म्हणजे ही काय आजकालची फॅशन नाही. आणि दोन किलोवॅट म्हणजे किती, तर एकटा गीझर.

रविवारी गच्चीवर मीटिंग घेतली. तिथे ४०१ चे एक इंजिनिअर आहेत (मेकॅनिकल), त्यांनी मुद्दा काढला की ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल अर्थ केलेलाच असतो, मग घरात जोडला तर बिघडलं कुठे, दोन्ही एकच की. प्रश्न चांगला आहे, बऱ्याच इलेक्ट्रिशियनचं पण मनातून हेच मत असतं. वायरमन काकांनी जे सांगितलं ते मला पटलं: ट्रान्सफॉर्मरपाशी जोडलेला असतो हे खरं, पण तिथून तुमच्या सॉकेटपर्यंत न्यूट्रलला दहा-बारा जोड आहेत आणि त्यातला कुठलाही एक कधीही सुटू शकतो. न्यूट्रल हा कामाचा माणूस, दिवसभर करंट वाहतो, दमतो, तापतो. अर्थची वायर घरात रिकामी बसून असते आणि तिने रिकामंच बसायचं असतं, फक्त ज्या क्षणी फेज बॉडीला लागेल त्या क्षणी धावायचं. दोघांना एकाच वायरीवर ठेवलं तर न्यूट्रल तुटल्यावर घरातली प्रत्येक लोखंडी बॉडी फेजला लागते, आणि एमसीबी पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने नेहमीचाच लोड चालू आहे. म्हणूनच न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच टाकायलाही मनाई आहे, तोडायचा तर फेजबरोबरच तोडायचा. इंजिनिअर साहेब म्हणाले ओके. एवढ्यावर ते थांबले हे आमच्या सोसायटीत विशेष.

मग पैसे. यावर दीड तास. ३०२ ने भरावेत असं काहींचं म्हणणं, कारण जंपर त्यांचा. मी उपविधीचं पुस्तक घेऊनच गेलो होतो. आदर्श उपविधीत फ्लॅटमधल्या मेन स्विचपर्यंतच्या विजेच्या लाईनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाची आहे, त्याच्या आतलं मेंबरचं. म्हणजे जळलेली गाठ सोसायटीची, जंपर ३०२ चा. आणि अर्थ पट्टी? ती तर शंभर टक्के सोसायटीची. तीन वर्षांपूर्वी आवारात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा अर्थिंगचा खड्डा त्याखाली गेला, कोणी झाकण ठेवलं नाही, पाणी घालणं बंद झालं. त्या ठरावावर माझी पण सही आहे. खोदून बघितलं तर जीआयची पट्टी मातीच्या पातळीला पूर्ण खाल्लेली, हातात घेतली तर वेफरसारखी मोडली. जुन्या पद्धतीत खड्ड्यात मीठ-कोळसा टाकतात, मीठ जमिनीचा रेझिस्टन्स कमी करतं खरं पण तेच पट्टीला पण खातं, म्हणून दरवर्षी बघावं लागतं, आणि आमच्याकडे तर बघायलाच जागा ठेवली नव्हती.

काम लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेतलं, त्याचा परमिटवाला सुपरवायझर उभा राहून. हे मुद्दाम लिहितोय कारण मीटिंगमध्ये "माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, निम्म्यात करतो" हे वाक्य तिघांनी म्हणलं. दोन नवीन अर्थ पिट, तांब्याचा थर दिलेला कॉपर बाँडेड रॉड, खड्ड्यात भरायचं बॅकफिल कंपाउंड, वर उघडता येणारं झाकण. अर्थ टेस्टरवर जमिनीशी रेझिस्टन्सचे १.९ ओहम आले, कागदावर लिहून घेतले, तारखेसकट. मीटर रूममधला लाकडी बोर्ड काढून लोखंडी पॅनेल, पोर्सिलीनचे किटकॅट फ्यूज गेले, सगळे न्यूट्रल एका जाड कॉपर बारवर, प्रत्येकाला आपला लग, आपला नंबर. पाण्याचे पाईपसुद्धा खाली अर्थला बाँड केले, म्हणजे वायरीने जोडले, म्हणजे उद्या परत कुठून करंट शिरला तर पाईप एकटाच वर चढून बसणार नाही. रद्दी विकली, दोनशे दहा रुपये आले, ते पण हिशोबात लिहिले.

३०२ मध्ये अर्थची नवीन हिरवी वायर डीबीपासून प्रत्येक सॉकेटपर्यंत. फॉल्स सीलिंग असल्यामुळे उलट सोपं गेलं, वरून केसिंग न दिसता वायर नेली. आरसीसीबी बसवायच्या आधी मेगरिंग, म्हणजे वायरींच्या इन्सुलेशनची टेस्ट केली, ५०० व्होल्टला किमान एक मेगाओहम यायला पाहिजे, बाथरूम, हॉल, बेडरूम सगळे पास, किचन ०.३. मॉड्युलर किचनच्या कारागिराने कपाट टांगताना एक स्क्रू कंड्युटमधून (वायरींच्या नळीतून) आरपार मारला होता. वायर बदलली, स्क्रू काकांनी आठवण म्हणून ठेवलाय, शोकेसमध्ये, नातवाच्या ट्रॉफीशेजारी.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या सकाळी पावणेसातला परत सगळे हजर. ३०२ चा गीझर चालू, माझ्या नळ ते सळई ०.२ व्होल्ट. फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडे ८.६ ॲम्प. मीटरचा लाल दिवा बंद. आईने तरी नळ उलट्या हाताने, बोटांच्या मागच्या बाजूने हळूच टेकवून बघितला. अजूनही रोज तसाच बघते.

नंतर वायरमन काकांनी सोळाही फ्लॅटमध्ये फिरून गीझर आणि किचनच्या सॉकेटचं न्यूट्रल-अर्थ रीडिंग घ्यायचं ठरवलं. पंधरा झाले. ३०२ सोडून आणखी दोन घरांत ०.० आलं, दोन्हीकडे तोच दीड इंची हिरवा तुकडा, एकीकडे तर वायर संपली म्हणून पिवळी वापरलेली. एका घरात आरसीसीबी होता पण तोही त्याच कारणाने "पीस खराब" म्हणून बायपास केलेला. राहिला ४०४. मालक दुबईला, भाडेकरू नोव्हेंबरात सोडून गेला, चावी एजंटकडे आणि एजंट फोन उचलत नाही. मालकांना मेसेज करून, त्यांची परवानगी घेऊन, मीटर रूममधला त्यांचा मेन बंद केलाय आणि त्यावर कागद चिकटवलाय: चेक केल्याशिवाय चालू करू नये. कागदाखाली माझा नंबर आहे. परवा एजंटने एका फॅमिलीला फ्लॅट दाखवायला आणलं, लाईट का नाही म्हणून मलाच फोन केला, मी म्हणलं वर येतोच, वायरमन काकांना घेऊन, वीस मिनिटं थांबा. थांबला नाही.